डाव्या हाताचा इतिहास

गेल्या वर्षी लग्नसराई सुरू होण्याआधी शेजारचा मुलगा घरी आला. हळदी, बारशी, गणपतीतले कार्यक्रम आणि अधूनमधून लावणीचा एखादा फड, अशा ठिकाणी तो ‘कॅसिओ’ वाजवतो. प्रत्यक्षात त्याच्याकडचे वाद्य यामाहाचे आहे. पण आमच्या सांगली-मिरजेकडे पट्ट्यांच्या कुठल्याही विजेच्या वाद्याला कॅसिओच म्हणतात. वाद्य जुने झाले होते. मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या कधी वाजत, कधी मुक्या राहत. दोन हंगामांची शिल्लक गाठीला बांधून तो नवे वाद्य घ्यायला निघाला होता. मी तीसेक वर्षे हौशी वाद्यवृंदांतून आधी पेटी आणि नंतर कीबोर्ड वाजवला असल्याने त्याने विचारले, “काका, स्टेजसाठी यामाहा घेऊ, कोर्ग घेऊ की रोलँड?”

प्रश्न साधा होता. दोन वाक्यांत उत्तर देऊन मी मोकळा झालो असतो. पण जाता जाता तो म्हणाला, “नव्या मशीनमध्ये ठेके लई भारी असतात म्हणं. मग एकटाच प्रोग्रॅम करता येईल.” त्याचे वडील ढोलकी वाजवतात. गेली सहा-सात वर्षे बापलेक एकाच टेम्पोतून कार्यक्रमाला जातात. ‘एकटाच’ हा शब्द त्याच्या तोंडून सहज निघाला होता. मला मात्र तो अडून राहिला. हे वाद्य मुळात कुणासाठी आणि कोणत्या गरजेतून घडले, याचा शोध मी त्या निमित्ताने घेऊ लागलो. हा लेख त्या शोधाचा आहे.

वाद्य नव्हे, वाद्यवृंद

तो मुलगा जे घ्यायला निघाला होता त्याला धंद्याच्या भाषेत ‘अरेंजर कीबोर्ड’ म्हणतात. साधा सिंथेसायझर आणि अरेंजर दिसायला सारखेच; फरक डाव्या हाताशी आहे. अरेंजरच्या पट्ट्यांचे मनातल्या मनात दोन भाग पडतात. उजवीकडच्या भागावर वादक गाण्याची चाल वाजवतो. डावीकडे तो फक्त कॉर्ड धरतो, म्हणजे तीन-चार स्वर एकत्र दाबतो. आतले यंत्र ती कॉर्ड ओळखते आणि आधीच भरून ठेवलेला संपूर्ण साथीचा तुकडा, म्हणजे ढोल, बास, गिटार, व्हायोलिनचा ताफा, त्या कॉर्डवर बसवून वाजवू लागते. कॉर्ड बदलली की सगळा ताफा एका क्षणात नव्या स्वरांवर सरकतो. या भरून ठेवलेल्या साथीला ‘स्टाइल’ म्हणतात. तिला सुरुवातीचा तुकडा असतो, तीन-चार प्रकार असतात, कडव्यावरून मुखड्यावर येताना भरायची जागा असते आणि शेवटचा तुकडाही असतो.

थोडक्यात, उजवा हात वादक असतो आणि डावा हात वाद्यवृंदाचा संचालक. त्यामुळे अरेंजरची कंपनी निवडताना आपण केवळ आवाज निवडत नाही. आपल्या मागे कुठले वादक बसणार, त्यांना कोणते ताल येतात आणि ते कोणत्या स्वरांत मिळवलेले आहेत, हेही निवडत असतो. दुकानात ही गोष्ट कुणी बोलत नाही. ती कळण्यासाठी या कंपन्यांच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

टोकियोतला नाराज अ‍ॅकॉर्डियनवादक

१९५९ साली अमेरिकेतील वुर्लिट्झर कंपनीने ‘साइडमॅन’ नावाचे यंत्र बाजारात आणले. साइडमॅन म्हणजे मुख्य कलाकाराच्या बाजूला बसणारा साथीदार. लाकडी कपाटासारख्या पेटीत मोटारीवर फिरणारी एक तबकडी असे. तिच्यावरच्या संपर्कबिंदूंमुळे ठरावीक क्रमाने ठोक्यांचे आवाज निघत. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, टँगो असे नाचाचे ताल त्यात होते. ऑर्गनवादकाने बटण दाबायचे आणि ताल सुरू. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेला हे यंत्र आवडले नाही, हे सांगायलाच नको. नावच ‘साथीदार’ असलेले यंत्र साथीदाराच्या पोटावर येणार, हे त्यांना पहिल्या दिवशीच कळले होते.

साइडमॅन टोकियोतही पोहोचला. शिंजुकू भागात त्सुतोमु कातो यांचा एक नाइट क्लब होता. तिथे तादाशी ओसानाई हे नावाजलेले अ‍ॅकॉर्डियनवादक साइडमॅनच्या साथीवर वाजवत. यंत्राच्या तालावर ते खूश नव्हते. यापेक्षा चांगले यंत्र आपण बनवू शकतो, असे त्यांनी कातो यांना पटवले. कातो यांनी पैसे घातले, १९६२ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १९६३ मध्ये ‘डोंकामॅटिक’ हे तालयंत्र बाहेर पडले. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे आणि जवळून जाणारा केइओ रेल्वेमार्ग यांवरून कंपनीचे नाव केइओ पडले. तीच पुढे कोर्ग झाली.

म्हणजे कोर्गचा जन्म प्रयोगशाळेतला नाही, रंगमंचावरचा आहे. रोज रात्री लोकांसमोर वाजवणाऱ्या एका माणसाच्या तक्रारीतून ती कंपनी निघाली. हा माणूस अ‍ॅकॉर्डियनवादक होता, हेही ध्यानात ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

साधारण त्याच काळात ओसाकात इकुतारो काकेहाशी हे घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त करता करता विजेच्या वाद्यांकडे वळले होते. १९६० मध्ये त्यांनी एस इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली. तिचे ‘ऱ्हिदम एस’ हे तालयंत्र १९६७ मध्ये आले आणि अमेरिकेच्या हॅमंड कंपनीच्या ऑर्गनांमध्येही बसवले गेले. पुढे काकेहाशी त्या कंपनीतून बाहेर पडले आणि १९७२ मध्ये त्यांनी रोलँड स्थापन केली. रोलँडचे पहिले उत्पादनही तालयंत्रच होते. आज अरेंजरच्या दुकानात जी तीन मोठी नावे ऐकू येतात त्यांतली दोन अशी तालयंत्रांतून उगवलेली आहेत.

कॅस्टेलफिदार्दोची बटणे

ताल मिळाला, कॉर्डचे काय? एका हाताने कॉर्ड धरून दुसऱ्याने चाल वाजवण्याची सोय तालयंत्रांच्याही आधीची आहे, आणि ती अ‍ॅकॉर्डियनने दिली. अ‍ॅकॉर्डियनच्या उजव्या बाजूला पेटीसारख्या पट्ट्या असतात. डाव्या बाजूला बटणांच्या ओळी असतात. त्यांतले एक बटण दाबले की एकच स्वर नव्हे, अख्खी कॉर्ड वाजते. शेजारच्या ओळीत मेजर, पुढच्या ओळीत मायनर, त्यापुढे सातव्या स्वराची. बास आणि कॉर्ड आळीपाळीने दाबत गेले की डावा हात एकटाच साथ करतो. खेड्यातल्या जत्रेत एक माणूस एका वाद्यावर नाच घडवून आणू शकतो तो या बटणांमुळे. हॅमंडने १९५० मध्ये ‘कॉर्ड ऑर्गन’ काढला तेव्हा अशीच बटणे ऑर्गनच्या डाव्या बाजूला बसवली. अरेंजरमधला डावा हात हा त्या बटणांचाच वारसदार आहे.

अ‍ॅकॉर्डियनची पंढरी म्हणजे इटलीच्या मार्के प्रांतातले कॅस्टेलफिदार्दो. तिथे १८६३ मध्ये पाओलो सोप्रानी यांनी हे वाद्य बनवायला सुरुवात केली आणि हळूहळू सारे गावच या धंद्यात उतरले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या तीन कारखान्यांनी एकत्र येऊन १९४६ मध्ये फार्फिसा ही कंपनी काढली. साठच्या दशकात अ‍ॅकॉर्डियनची मागणी घसरली तेव्हा या परिसराने विजेच्या ऑर्गनांकडे मोहरा वळवला. कारागिरांचे हात, सुरांची जाण आणि एकट्या कलाकाराच्या गरजांची माहिती तिथे आधीपासूनच होती.

जपानी कंपन्यांनी हे ओळखले. रोलँडने १९८७ मध्ये याच मार्के प्रांतातली सिएल ही कंपनी घेतली. १९८८ मध्ये आलेला ई-२० हा रोलँडचा अरेंजर इथूनच पुढे निघालेल्या परंपरेतला. कोर्गच्या आजच्या अरेंजरांची पीए ही मालिकाही इटलीतच घडते. कोर्गचे तिथले केंद्र ओसिमोला, कॅस्टेलफिदार्दोच्या अगदी शेजारी आहे. जपानमधल्या अ‍ॅकॉर्डियनवादकाच्या तक्रारीतून निघालेली कंपनी अखेर अ‍ॅकॉर्डियनच्या गावाशेजारी येऊन बसली. कोर्ग आणि रोलँड यांच्या अरेंजरांत युरोपातल्या नाचगाण्यांच्या स्टाइली इतक्या सफाईने का वाजतात, याचे एक उत्तर या भूगोलात आहे.

हमामात्सूचा ऑर्गन आणि सांगलीची पेटी

तिसरे नाव यामाहा. त्याची कथा आपल्याला अधिक जवळची वाटेल, कारण ती पायपेटीपासून सुरू होते. १८८७ मध्ये जपानमधील हमामात्सूच्या एका शाळेतला परदेशी ऑर्गन बिघडला. वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणाऱ्या तोराकुसु यामाहा यांना बोलावण्यात आले. धातूच्या पात्यांवर हवा सोडून वाजणारा तो ऑर्गन त्यांनी दुरुस्त केला आणि तसाच स्वतः बनवायचे ठरवले. बनवलेला ऑर्गन खांद्यावरच्या काठीला टांगून, एका सोबत्यासह, हाकोनेचा घाट ओलांडत ते टोकियोच्या संगीतसंस्थेत घेऊन गेले. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. तिथे निकाल मिळाला: बनावट चांगली, पण सुरांत बसलेला नाही. यामाहा तिथेच राहून सूर मिळवण्याचे शास्त्र शिकले आणि परत जाऊन दुसरा ऑर्गन केला. त्यांच्या निप्पोन गाक्की या कंपनीची १८९७ मध्ये रीतसर स्थापना झाली. १९५९ मध्ये, म्हणजे साइडमॅन आला त्याच वर्षी, तिने ‘इलेक्टोन’ हा विजेचा ऑर्गन काढला.

अ‍ॅकॉर्डियन, पायपेटी, आपली बाजाची पेटी ही सगळी एकाच कुळातली वाद्ये. हवेने थरथरणारी धातूची पाती हे त्यांचे समान हृदय. पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास घडलेली हार्मोनियम हिंदुस्थानात आली, कलकत्त्याला तिला हाताचा भाता मिळाला, आणि मराठी संगीत रंगभूमीवर ती व ऑर्गन यांनी असे बस्तान बसवले की सारंगी मागे पडली. तेव्हाही कंपनीचा प्रश्न होताच. ‘जर्मन सूर’ की ‘पॅरिस सूर’, यावर पेटीवाले तासन् तास बोलत, आणि पालिताण्याच्या सुरांची पेटी घेणाऱ्याकडे जरा दयेने बघत.

पण पेटीवरचा खरा आक्षेप सुरांबद्दलचा होता. सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले की कुठल्याही पट्टीत वाजवता येते; त्याबदली प्रत्येक स्वर आपल्या नैसर्गिक जागेपासून थोडा हलतो. या आक्षेपावर उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयत्न आमच्याच गावात झाला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी सांगलीत बसून बावीस श्रुतींचे गणित मांडले आणि १९१० मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साक्ष त्यांनी काढली. न्यायाधीश असलेल्या ई. क्लेमेंट्स यांच्या मदतीने इंग्लंडमधून श्रुतींची हार्मोनियम बनवून घेण्यात आली. १९१६ मध्ये बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, तिच्यावर वाद झाला, आणि ती रूढ झाली नाही. १९४० मध्ये तर ऑल इंडिया रेडिओने पेटीच बंद केली. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली.

देवलांना जे साधले नाही ते आजच्या अरेंजरवर एका बटणाचे काम आहे. पण ते बटण आपल्यासाठी आलेले नाही. अरबी आणि तुर्की संगीतात दोन पट्ट्यांच्या मधोमध पडणारे स्वर लागतात. ते नसले तर तिकडचा श्रोता उठून जातो. त्या बाजारासाठी यामाहाने पीएसआर-ए ही मालिका काढली, कोर्गने पीएच्या काही वाद्यांवर पाव स्वराची सोय ठळकपणे दिली, कॅसिओनेही ‘ओरिएंटल’ कीबोर्ड काढले. हव्या त्या स्वराचे बटण दाबले की तो अर्ध्या अंतराने खाली उतरतो. सीरियाचे रिझान सईद हे गायक ओमर सुलेमान यांच्यामागे एका कीबोर्डवर मिजविझ या लोकवाद्याचा आणि ढोलांचा असा कल्लोळ उठवत की डोळे मिटले तर वऱ्हाडाची मिरवणूक चालली आहे असे वाटावे. तक्रार करणारा श्रोता असला की कंपनी ऐकते, हे ओसानाईंच्या क्लबपासून खरे आहे.

सवयीचे कुलूप

आता कॅसिओ, जिचे नाव आपण सगळ्या जातीला दिले. ही कंपनी आकडेमोडीच्या यंत्रांची. तिने १९८० मध्ये पहिला ‘कॅसिओटोन’ काढला आणि पुढल्या काही वर्षांत विजेचा कीबोर्ड मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आणून ठेवला. १९८१ च्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डात ‘रॉक’ नावाचा एक ताल होता. तो कंपनीत नव्याने आलेल्या हिरोको ओकुदा या तरुणीने बसवलेला. १९८५ मध्ये जमैकात त्या तालावरून ‘स्लेंग टेंग’ हे गाणे झाले आणि तिथल्या रेगे संगीताने वळण घेतले. टोकियोतल्या एका कर्मचाऱ्याच्या कानात जे होते ते किंग्स्टनच्या रस्त्यावर वाजू लागले. भरून दिलेला ताल किती दूर जातो, याचा याहून चांगला दाखला नाही.

कॅसिओने आणखी एक गोष्ट केली, आणि निवडीच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. नवशिक्याला तीन बोटांची कॉर्ड धरता येत नाही, म्हणून प्रत्येक कंपनीने सोपी युक्ती दिली. कॅसिओवर एक पट्टी दाबली की मेजर कॉर्ड, सोबत तिच्या उजवीकडची आणखी कुठलीही एक दाबली की मायनर. यामाहावर मायनरसाठी मूळ स्वरासोबत त्याच्या डावीकडची काळी पट्टी दाबायची, आणि डावीकडची पांढरी दाबली तर सातव्या स्वराची कॉर्ड. एकावर शिकलेला मुलगा दुसऱ्यावर बसला की बोटे चुकीच्या जागी जातात. आपण ज्याला ‘मला यामाहाच आवडतो’ म्हणतो, त्यातला बराच भाग आवडीचा नसून डाव्या हाताला लागलेल्या सवयीचा असतो. पूर्ण कॉर्ड धरायला शिकलेल्या वादकाला कंपनीचे हे बंधन उरत नाही.

दुसरे कुलूप स्टाइलींचे. १९८३ मध्ये मिडी ही पद्धत आली. तिच्यामागे काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांचा पुढाकार होता. तिच्यामुळे एका कंपनीचे वाद्य दुसरीच्या वाद्याशी बोलू लागले. २०१३ मध्ये या दोघांना त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळाले. १९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ने आवाजांचे क्रमांकही ठरवून दिले. पण स्टाइल मात्र ज्या त्या कंपनीची राहिली. वर्षानुवर्षे जमवलेल्या, दुरुस्त केलेल्या यामाहाच्या स्टाइली कोर्गवर जशाच्या तशा चालत नाहीत. रूपांतर करावे लागते आणि त्यात ढोलाच्या जागी भलतेच काही वाजते. आणि कंपनीच बंद पडली तर? टेक्निक्सचे केएन अरेंजर एके काळी युरोपात नावाजलेले; त्यांची निर्मिती थांबली. इटलीची जनरलम्युझिक दिवाळखोरीत गेली. त्यांच्या वादकांकडे उत्तम वाद्ये राहिली, पण सुटे भाग नाहीत.

आपल्याकडचा डावा हात

इंडोनेशियात ‘ऑर्गन तुंगगाल’, म्हणजे एकटा ऑर्गन, ही लग्नसमारंभांतली रूढ गोष्ट आहे. एक अरेंजर, एक वादक, एखाद-दुसरी गायिका, बस्स. पूर्वी तिथे अख्खा ताफा बसायचा. अरेंजर जिथे पूर्णपणे रुजला तिथे बहुतेक ठिकाणी असेच झाले. इंग्लंडमध्ये १९८२ साली वादकांच्या संघटनेच्या लंडनमधील शाखेने सिंथेसायझर आणि तालयंत्रे यांवर बंदी मागितली होती. आज तो ठराव वाचून हसू येते, पण त्यामागची भीती हसण्यासारखी नव्हती.

मुंबईतले वळण थोडे वेगळे आहे. इथल्या वादकांनी परदेशी यंत्र घेतले ते बहुधा त्याच्या मूळ कामासाठी नव्हे. १९५४ च्या ‘नागिन’मध्ये कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन या फ्रेंच बनावटीच्या वाद्यातून पुंगी वाजवली. १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी दहा रागांची तबकडी केली. तीत रोलँडचे टीबी-३०३ होते. हे यंत्र एकट्या वादकाला बासची साथ मिळावी म्हणून काढले होते. ते खपले नाही आणि दोन-तीन वर्षांत बंद पडले. सिंग यांनी त्याच्याकडून राग वाजवून घेतले. तबकडीकडे तेव्हा कुणी फारसे पाहिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले.

तालाच्या बाबतीत तर आपल्याकडच्या वाद्यवृंदांनी अरेंजरला अर्धेच घरात घेतले. त्याचे कारण गाण्यात आहे. स्टाइल ठरावीक मात्रांचे आवर्तन पुन्हा पुन्हा वाजवते. केहरवा, दादरा तिच्यात बसतात. पण लावणीत शाहीर थांबतो, शब्दावर खेळतो, ढोलकीवाला त्याच्याबरोबर थांबतो आणि तोडा घेऊन समेवर येतो. भजनात लग्गी लागली की लय आपोआप चढते. यंत्राला हे दिसत नाही. शिवाय यमन किंवा भैरवीतली चाल कॉर्डच्या चौकटीत अवघडते. डाव्या हाताने मेजर-मायनर बदलत राहिले की चालीचा जीव जातो. म्हणून आपल्या वाद्यवृंदांनी ताल माणसाकडेच ठेवला, फक्त त्याच्या हातात रोलँडचा ऑक्टोपॅड दिला. १९८५ मध्ये निघालेल्या या आठ चौकोनांच्या वाद्याला आपल्या गणेशोत्सवाने जो मान दिला तो त्याच्या जन्मभूमीतही क्वचितच मिळाला असेल. कीबोर्डवाल्याकडून बासरी, सतार, व्हायोलिनचे आवाज हवेत, ठेका नको. म्हणून रोलँडचा एक्सपीएस-१० हा अरेंजर नसलेला कीबोर्ड आपल्या रंगमंचांवर एवढा दिसतो. यामाहानेही पुढे भारतासाठी पीएसआर-आय ही मालिका काढली. तीत तबला, तानपुरा आणि रियाजाची सोय आहे. इथेही तक्रार करणारा श्रोता आणि अडून बसलेला वादक यांनीच कंपनीला वळवले.

छोट्या कार्यक्रमांची गोष्ट मात्र निराळी. हळदीला किंवा सोसायटीच्या स्नेहसंमेलनाला दोन माणसांची बिदागी देण्यापेक्षा एकाची देणे सोपे असते. तिथे अरेंजर सरळ ढोलकीवाल्याची खुर्ची मागतो. साइडमॅन आला तेव्हापासून तो तीच मागत आला आहे.

काय सांगितले

मी त्या मुलाला कंपनीचे नाव सांगितले नाही. पाच गोष्टी तपासायला सांगितल्या. पहिली, पूर्ण कॉर्ड धरून वाजव, एका बोटाची सोय विसर. मग कुठलीही कंपनी चालेल. दुसरी, मींड कशी निघते ते पाहा. रोलँडची आडवी सरकणारी दांडी, कोर्गची जॉयस्टिक, यामाहाच्या बऱ्याच वाद्यांवरचे चाक. गाणारा हात कशावर बसतो हे दुसरे कुणी सांगू शकत नाही. तिसरी, स्वर थोडा खाली-वर करायची सोय किती बटणांत सापडते? गायिका काळी चारमध्ये उभी असताना पडद्यावरच्या याद्या धुंडाळता येत नाहीत. चौथी, वीज गेली आणि आली तर वाद्य किती वेळात उठते? मंडळाच्या जनरेटरवर हा प्रश्न पहिल्या क्रमांकाचा होतो. आणि पट्ट्यांखालचे रबर झिजले तर ते जवळपास कुठे बदलून मिळते? पाचवी गोष्ट सांगताना मी जरा थांबलो. स्टाइलमधला ढोल बंद करून फक्त बास आणि गिटार चालू ठेवता येतात का, आणि ते बटण कुठे आहे, तेवढे बघ म्हणालो.

कोल्हापूरच्या दुकानात तो वडिलांना घेऊनच गेला. वडिलांनी ढोलकी बरोबर नेली होती. दुकानदाराने एकामागून एक स्टाइली ऐकवल्या. वडील मान हलवत ऐकत राहिले. मग म्हणाले, “ह्यातला ठेका बंद कर की. बास ऱ्हाऊ दे.” बास राहिला. त्यावर त्यांनी ढोलकी धरली, आणि दुकानातली दोन गिऱ्हाइके पाठीमागे येऊन उभी राहिली.

मुलाने वापरलेला कोर्ग घेतला. जॉयस्टिक त्याच्या हाताला बसली आणि शिलकीत तो बसत होता. मार्चमध्ये एका गावच्या जत्रेत मी त्यांचा कार्यक्रम ऐकला. यंत्राची लय ठरलेली असते, वडिलांची नसते. हे कसे जमवणार, याची मला उत्सुकता होती. लावणी शेवटाकडे आली, वडिलांनी लय चढवली. तेव्हा मुलाने डावा हात पट्ट्यांवरून उचलला. कॉर्ड यंत्राच्या स्मरणात धरून ठेवलेली होती, ती वाजत राहिली. डाव्या हाताचे बोट लय देण्याच्या बटणावर गेले आणि वडिलांच्या थापेबरोबर चार वेळा पडले. बास वडिलांच्या लयीवर आला.